जाऊबाईंचं भूत

पुरण निम्मं वाटून झालं होतं, निम्मं पातेल्यात होतं, तेवढ्यात बेबीताई आल्या. दरवर्षी त्या सरळ चुलीपाशी येऊन पाट ओढून बसतात. आज उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"नीरजा, मी नाही येत जेवाले. राग मानू नको."

आज पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी. नवरा हयात असताना जी बाई गेली, तिच्या नावानं आज एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. माझी जाऊ शैलजाबाई गेली तेव्हापासून तिच्या नावाचं ताट बेबीताईच जेवत आल्या. दोघी जिवाच्या मैत्रिणी होत्या.

"काऊन हो? तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीले काय धाड भरली! आमच्या सुनेनं, डिंपलनं, मोबाइलवर एक गोष्ट आयकवली. म्हणते, आत्याबाई, त्या ताटावर तुम्ही बसाचं नाही. मी म्हटलं, चाल बावळट. मंग मीही आयकली. आता मलेच भेव वाटून राह्यलं." त्यांनी मोबाइल माझ्या ओल्या हातात दिला. "तूच आयक. तुह्या भासऱ्याचीच हाय."

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, वैजनाथराव. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते भुताखेताच्या गोष्टी लिहीत. आमच्या घरात देवाची पोथी वाचली जाते, म्हणून त्यांची पुस्तकं मी कधी हातात धरली नाहीत. पण त्यांचा संसार मात्र जवळून पाहिला.

खामगावला एका जिनिंगमध्ये ते कारकून होते. कापसाच्या गाड्या आल्या की पावत्या फाडायच्या, गाड्या नसल्या की त्याच पावत्यांच्या पाठीवर गोष्टी लिहायच्या. लाल डोळ्यांच्या बाईचं चित्र असलेली त्यांची पातळ पुस्तकं एसटी स्टँडवर दोरीला टांगलेली असत. एका गोष्टीत त्यांनी सरकीच्या ढिगात बाईचे केस सापडतात असं लिहिलं. कोणीतरी ती जिनिंगमधल्या बायांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून एकही बाई सरकीच्या खोलीत पाय ठेवीना. मालक म्हणाला, "वैजनाथ, एक तर तू भुतं चालव, नाही तर मी जिनिंग चालवतो." नोकरी गेली. ते शैलजाबाईला घेऊन अमडापूरला आमच्यात राहायला आले.

मग दारू आली. कोणी म्हणे याला बाहेरचं लागलंय, कोणी म्हणे यानंच गावाला लावलं. वैदूकडे नेऊन झालं, डॉक्टरकडे नेऊन झालं. दिवसभर झोपायचे, संध्याकाळी लिहायचे. त्यांना सांभाळलं ते एका शैलजाबाईनं. प्रत्येक गोष्ट आधी ते तिला वाचून दाखवत आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटे. "इचारा तरी त्या भुताले, चहा घेते का! केव्हाची आंब्याखाली उभी हाय बिचारी!" ती कधीच भ्याली नाही. तेही मग हसत. त्या संसारात हसू एवढंच होतं.

इकडे सगळा तालुका मात्र भ्यायचा. आजही पांढऱ्या केसांची माणसं वाट वाकडी करून येतात, त्यांच्या पाया पडतात आणि सांगतात, "काका, तुमच्यापायी मी अजून त्या बाभळीखालून जात नाही." आता तर फोनवर कोणी घोगऱ्या आवाजाचा माणूस त्या गोष्टी वाचून दाखवतो. लाखो लोक ऐकतात म्हणे.

फोन माझ्याकडेच सोडून बेबीताई घरी गेल्या. मी चुलीपाशी उभी राहून गोष्ट ऐकली. गोष्टीत नवमीला एक सवाष्ण जेवायला येते. पहिला घास घेतला की मेलेली बाई तिच्या अंगात शिरते. तिला ताटावरून उठू देत नाही. हनुवटीवर तीळ, डावा पाय जरा ओढत चालणारी, पदर तोंडाला लावून हसणारी ती बाई "भूक लागली ग, भूक लागली" म्हणत आधी घरातलं अन्न खाते, मग माणसं.

तीळ, चाल, हसू, सगळं शैलजाबाईचंच.

शैलजाबाईचं पोटाचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवसापासून डॉक्टरांनी उपाशी ठेवलं होतं. आत नेताना तिनं माझा हात धरला. "नीरजा, भूक लागली ग. घरी गेल्यावर पुरणपोळी करजो." ती परत आली नाही. हे ऐकायला दोनच माणसं होती. मी, आणि खाटेच्या पायथ्याशी भाऊजी.

म्हणून तर मी हे ताट कधी चुकवलं नाही. ती उपाशी गेली.

भाऊजी ओसरीवर पिशवी भरून बसले होते. नवमीला ते घरी थांबत नाहीत, सकाळीच खामगावची बस धरतात. बायकोचं ताट बघवत नसेल, असं समजून मी आजवर त्यांच्यासोबत डबा देत आले.

"भाऊजी, ही जाऊबाईच ना?" मी फोन त्यांच्यापुढे धरला.

ते पिशवीचा बंद आवळू लागले. "नाव बदललं ना मी."

"नाव बदललं, भूक तिचीच ठेवली."

"ती गेली त्या वर्षी दुसरं काही सुचेच ना. जे लिहाले बसो, ते तेच होये." मग जरा ताठ होऊन म्हणाले, "लय चालली ती गोष्ट."

हे त्यांनी म्हणायला नको होतं.

मी म्हटलं, "मंग आता उठा. बेबीताईच्या घरी चला आन् सांगा, हे मी मनानं रचलं. आज तिच्या नावाचं ताट रिकामं राह्यलं नाही पाहिजे."

ते आले. बेबीताईंच्या अंगणात उभं राहून म्हणाले, "बेबीताई, ते सगळं खोटं हाय. शैलजेचं भूत नाही न् काही नाही. जा जेवाले."

बेबीताईंचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी खुंटीवरचं लुगडंही काढलं. तेवढ्यात डिंपल आतून बाहेर आली. "काकाजी, एक इचारू? खोटं हाय तर तुम्ही दर नवमीले गाव सोडून काऊन पळता?"

मला वाटलं, आता ते म्हणतील, दुःख होते पोरी. मी वाट पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बेबीताईंनी लुगडं परत खुंटीवर टाकलं.

रस्त्यात मी विचारलं, "तुम्ही जाऊबाईले भेता?"

"लिहितानी नव्हतो भेत. लोकं भ्याले लागले, तसा मीही भ्यालो. सपनात येते. ताट मांगते."

"मंग देत काऊन नाही?"

ते काखेतली पिशवी घट्ट धरून स्टँडकडे वळले. ज्या बाईनं त्यांच्या प्रत्येक भुताला हसून घालवलं, तिलाच त्यांनी भूत करून ठेवलं आणि वर तिच्यापासून पळाले. गोष्ट लिहिली याचं दुःख मी एक वेळ गिळलं असतं. इतकी वर्षं मी ज्याला शोक समजत होते, तो शोक नव्हता.

घरी आले तर यांनी सुचवलं, "त्या बँकेतल्या नव्या साहेबाच्या घरून बोलाव कोणाले. अश्विनी नाव हाय न त्याच्या बायकोचं? ती बाहेरची, तिले काही माहीत नाही. गुपचूप जेवून जाईन."

क्षणभर मला पटलं. मग देवघराकडे नजर गेली. न सांगता वाढलेलं अन्न शैलजाबाईला कसं पोचेल? अश्विनीला आधी सगळं सांगायचं, गोष्ट, भूक, भाऊजींचं पळणं, काहीही न लपवता. मग विचारायचं, येता का. नाही म्हणाली तर तिचा राग धरायचा नाही.

कढी उतरवून ठेवली आहे. अश्विनीला जेवायला बोलवायला बँकेमागच्या गल्लीत जाते.