पुढे?

माझे बाबा लिफ्टमन होते. हे सांगितलं की लोक जरा थांबतात आणि मग "अच्छा" म्हणतात. त्या थांबण्यात काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून मी पहिल्या झटक्यातच सांगून मोकळी होते. कचेऱ्यांची सहा मजली इमारत, जाळीच्या दाराची जुनाट लिफ्ट, आणि तिच्यात लाकडी स्टुलावर बसून एकोणीस वर्षं वर-खाली करणारा माणूस. लिफ्टला बटणं नव्हती, पितळी दांडा होता. तो नेमका कधी सोडायचा हे हाताला कळावं लागे, नाहीतर लिफ्ट मजल्याच्या वीतभर वर किंवा खाली थांबायची आणि माणसं ठेचकाळायची. बाबांच्या हातात ती फरशीला फरशी लावून थांबे. काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन शिरा, सहाव्या मजल्यावर उतरताना बशी कोरडी. त्यांना कशाचा गर्व असेल तर एवढ्याचाच.

कुणीही आत आलं की ते विचारत, "बोला साहेब, कितवा?" बायकांनाही साहेबच म्हणत. मी शाळेतून आले की मलाही तेच, आणि मी म्हणायची, "तळमजला." कारण आम्ही तिथेच राहायचो. जिन्याखालची एक खोली नोकरीबरोबर मिळाली होती आणि नोकरीबरोबरच जाणार होती. तिला खिडकी नव्हती. एका भिंतीपलीकडे लिफ्टची पोकळी, त्यामुळे लिफ्ट हलली की फळीवरची भांडी थरथरत. आई त्या भिंतीशी मशीन मांडून शिवणकाम करायची आणि थरथरीवरून वर कोण गेलं ते सांगायची. मोठं पातेलं वाजलं की दुसऱ्या मजल्यावरचे वकील. ते अंगाने चांगलेच भरलेले होते.

या नोकरीआधी बाबा दोन वर्षं टेम्पो चालवायचे. लिफ्टचं काम त्यांनी सध्यापुरतं धरलं होतं, आणि त्या सध्यामध्ये मी जन्मले, शाळेत गेले आणि सोळा वर्षांची झाले. लायसन्सची मुदत मात्र त्यांनी कधी संपू दिली नाही. दर खेपेला नवा फोटो. ते सगळे फोटो ओळीने ठेवले तर एक माणूस हळूहळू बसत चाललेला दिसतो.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. वकिलांनी कचेरी बंद केली आणि जाताना इमारतीमागे सात वर्षं हवा गेलेल्या टायरांवर उभी असलेली त्यांची गाडी बाबांना देऊन टाकली. "चालती झाली तर तुमची, नाही झाली तरी तुमचीच," म्हणाले. आणि चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी गावाबाहेर मोठा दवाखाना काढायचं ठरवलं. म्हाताऱ्या पेशंटना घरून आणायला-पोचवायला त्यांना भरवशाचा माणूस हवा होता, स्वतःची गाडी असलेला. दवाखान्यावर राहायला दोन खोल्या होत्या. दवाखाना सुरू व्हायला सहा महिने होते, तोवर गाडी नीट झाली तर काम बाबांचं. "तुम्ही लिफ्ट थांबवता तशी गाडी थांबवायची, बस," असं त्या म्हणाल्या.

आई एका रविवारी त्या खोल्या बघून आली. मग म्हणाली की प्रत्येक खोलीला एक खिडकी आहे, आणि लगेच टेप घेऊन पडद्यांचं कापड मोजायला बसली. निळं होतं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. खिडकी हातात नसताना पडदे तयार झाले.

इकडे गाडीचं बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा संसार. बाबांनी तो अदबीने हलवला. इंजिन जाम होतं, पट्टा ओढून ते तसूभर हलेना. बाबांना टेम्पो चालवता यायचा, पण तो बिघडला की मालक मिस्त्रीला बोलवायचा, त्यामुळे यांचं ज्ञान स्टेअरिंगपाशी संपत होतं. मिस्त्री बोलवणं आम्हाला झेपणारं नव्हतं. पण डॅशबोर्डच्या कप्प्यात त्या गाडीचं दुरुस्तीचं जाड पुस्तक निघालं. मी ते घेऊन पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले, बाबांनी पाना हातात घेतला, आणि आमचं जे ठरून गेलं ते सहा महिने तसंच राहिलं. पुस्तक माझ्याकडे, पाना त्यांच्याकडे.

मी वाचायची, "चारही प्लग काढा." ते काढत, कागदावर ओळीने मांडत, हात पुसत आणि माझ्याकडे बघून विचारत, "पुढे?" मी सांगायची, भोकांतून तेल सोडा आणि मुरू द्या. ते सोडत. "पुढे?" चार दिवस थांबा. ते चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी पुलीच्या नटाला लांब पाना लावून दोघांनी जोर लावला, तेव्हा इंजिन कण्हल्यासारखं करून बोटभर फिरलं. बाबांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की शर्टावर पाच काळी बोटं उमटली. आईने तो शर्ट धुतला आणि आम्हा दोघांनाही धुतलं, तोंडाने.

सोळाव्या वर्षी आपल्याला घरात कोण विचारतं? इथे एक मोठा माणूस दर पाच मिनिटांनी थांबून मला विचारत होता, पुढे काय. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. मी आवाज चढवायला शिकले, त्यांच्या चुका दाखवायला शिकले. ब्रेकचे लायनर त्यांनी उलटे बसवले तेव्हा मी कपाळाला हात लावला, अगदी आईसारखा. ते हसून म्हणाले, "चुकलं साहेब." कार्बोरेटर साफ झाला, रेडिएटरची गळती थांबली, पत्र्याचा गंज घासून घासून आमच्या बोटांची सालटी निघाली. आईने सीट उसवून नव्याने शिवल्या.

एक गोष्ट मात्र मी मनातच ठेवली. सिनेमातल्यासारखी नव्हे, साधीच. गाडीची कामं करताना मला कळलं होतं की आयुष्यभर मला हेच करायचंय. दूरच्या गावी तंत्रशाळेत मोटार विभाग होता, वसतिगृह होतं. मी गुपचूप अर्ज केला आणि निवड झाल्याचं पत्र आलं. शाळा सुरू व्हायची होती ती दवाखाना सुरू होणार त्याच आठवड्यात. सांगायला तोंड होईना, म्हणून ते पत्र मी दुरुस्तीच्या पुस्तकात क्लचच्या पानात ठेवलं. आमच्या घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती, कारण पुस्तकाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे.

क्लच बसला आणि गाडी सुरू झाली. पहिल्यांदा खोकली, मग काळा धूर सोडला आणि मग चक्क एका लयीत चालू राहिली. आवाज ऐकून डॉक्टरबाई खाली आल्या. त्यांनी बाबांचं कौतुक केलं तर बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिचं सगळं. हिच्याशिवाय माझं पान हलत नाही." डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, मग काय, सुरुवातीला मुलगीही बसेल शेजारी, पेशंटचे पत्ते वाचून दाखवायला. बाबा हसले. दारात उभी असलेली आईसुद्धा हसली, आणि ती उगाच हसणारी बाई नाही. बोलण्यातलं ते पान मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. ते न हलणारं पान आणि त्याच्याशेजारी जन्मभर उभी असलेली मी, फुंकर मारत.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला गाडी दाखवून काम पक्कं करायला नवीन दवाखान्यावर पोचायचं होतं. डॉक्टरबाई आधीच जाऊन थांबणार होत्या. रस्ता त्यांनी एका कागदावर काढून दिला होता. बाबांनी तो न बघताच माझ्या हातात दिला.

गाडी झकास चालली. बाबा असे बसले होते की मी त्यांना ओळखलंच नसतं. पाठ ताठ, खांदे सैल, ओठांवर शीळ. इतक्या वर्षांत मी त्यांना पुढे जाताना कधी बघितलंच नव्हतं, फक्त वर आणि खाली. गाव संपलं, गोदामं संपली आणि एक मोठा चौक आला. चार फाटे, मध्ये सिग्नल, तोही लाल. बाबांनी गाडी पांढऱ्या पट्टीला अशी लावली की पुसटसा धक्काही बसला नाही. मग हात पुसल्यासारखे मांडीवर फिरवले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढे?"

कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. डावीकडे, मग पाण्याच्या टाकीनंतर उजवीकडे. एक शब्द होता. पण मला कळून चुकलं की हा शब्द आज बोलले की उद्या बोलावा लागेल, परवाही, आणि मग मी त्या सीटवरून कधीच उठणार नाही. मी कागद मुठीत चुरगळला.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. मी म्हटलं, "तुम्ही ठरवा ना बाबा. चालवताय तुम्ही."

"मला कुठं माहितीय?"

सिग्नल पुन्हा लाल झाला. मला रागही येत होता. कोपऱ्यावर एक टायरवाला बसला होता, काच खाली करून त्याला विचारलं असतं तर कुणाचं काय जात होतं? कुणीही विचारलं असतं. बाबांनी काचेच्या वर नजर लावली, लिफ्टमध्ये दारावर मजल्याचा दिवा लागायचा तिथे. तिथे गाडीचं छत होतं आणि मी घासून रंगवलेली एक पट्टी. दुसऱ्यांदा हिरवा झाला. एक ट्रकवाला शिव्या घालत बाजूने गेला. बाबांच्या कानशिलावरून घामाची धार लागली होती. ते अगदी हळू म्हणाले, "साहेब, सांग ना."

मी खिडकीबाहेर बघत बसले. तो घाम मला आजही दिसतो आणि मला माझी लाज वाटते.

तिसऱ्यांदा हिरवा झाल्यावर बाबांनी गाडी वळवली. चारातला एकच रस्ता विचारावा लागत नव्हता, आलो तो. परतताना त्यांनी शीळ घातली नाही.

आई दारात होती. लवकर कसे आलात, तिने विचारलं. बाबा म्हणाले, गाडी उत्तम चालते, रस्ता तेवढा सापडला नाही. "अहो, पण कागद होता ना?" आई म्हणाली.

बाबांनी एकदा माझ्या मुठीकडे बघितलं आणि मग आईकडे. "कागद घरीच राहिला," ते म्हणाले.

आई दिवसभर तो कागद शोधत होती. मशीनखाली, गादीखाली, फळीवरच्या डब्यांमागे. मी तिच्याबरोबर शोधायचं सोंग केलं. सोमवारी बाबांनी इस्त्रीचा गणवेश चढवला, चौथ्या मजल्यावर जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं की मला हे जमायचं नाही, आणि येऊन स्टुलावर बसले. फळीवरची भांडी थरथरायला लागली. आईने मशीन बंद केलं. ती रडली नाही, चिडली नाही, पण त्या दिवसानंतर वर कोण गेलं ते तिने कधीच सांगितलं नाही.

माझी जायची तारीख आली तेव्हा मात्र बोलणं भाग पडलं. मी क्लचचं पान उघडून पत्र बाबांपुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, पण वाचलं नाही. "क्लच बसवताना तू पाणी प्यायला गेली होतीस," ते म्हणाले. "पुस्तक माझ्याच मांडीवर होतं."

म्हणजे चौकात त्यांना ठाऊक होतं. सिग्नलला थांबून त्यांनी मला रस्ता विचारला होता की दुसरंच काही, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि त्यांना विचारायची माझी छाती नाही. त्यांना खरंच वळण घेता आलं नाही, की माझ्यासाठी त्यांनी ते घेतलं नाही? दोन्हीपैकी काहीही खरं निघालं तरी मी सुटत नाही.

आईने माझी ट्रंक भरली. आत दोन नवे उशीचे अभ्रे होते, निळे, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचे. मी बघितलं, ती बघतेय हेही बघितलं, आणि दोघींनी ट्रंकेचं झाकण लावलं.

बसस्टँडवर बाबा ट्रंक खांद्यावर घेऊन पायीच आले. गाडी इमारतीमागे चकचकीत उभी होती. दर रविवारी ते ती धुवायचे, बॅटरी बसू नये म्हणून काचा वर करून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि तिथेच बंद करायचे. त्यांनी ट्रंक टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून बघितली. बस सुटायला आली तरी मी खालीच उभी होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते सहा महिने पाना धरून माझ्याकडे बघत तशी.

"तू हो पुढे," बाबा म्हणाले. "मी आलोच."

मी बसमध्ये चढले. मागच्या काचेतून दिसलं, ते परत निघाले होते. त्यांची पाळी अकराला सुरू व्हायची.