नावेतलं ट्रॅक्टरचं सीट

आमच्या दिंद्रुडच्या वेल्डरला कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नाही. पत्र्याची नाव दुरुस्तीला आली, की तो तिला छत्रीचा पाइप आणि भोंगा जोडतो. नाव न्यायला त्यानं केलेला गाडा चढावर उलटा पळतो. परवा त्यानं एका म्हाताऱ्या मासेमाराच्या नावेच्या तळाला चार भोकं पाडून ट्रॅक्टरचं सीट बसवलं.

"पाणी शिरंल की, बाबा," म्हातारा म्हणाला.

"कावून शिरंल? बोल्ट आवळलेत. सरांना इचारा," माझ्याकडे बोट दाखवत वेल्डर म्हणाला.

माझ्या घराचं गेट त्याच्याकडे अडलं होतं. "लई भारी झालंय," मी म्हणालो. माझ्या शब्दावर म्हातारा नाव घेऊन धरणात गेला. तो पोहत काठाला आला. नाव जाळ्यासकट बुडाली.

"पण सीट जाग्यावरून हाललं न्हाई, सर!" वेल्डर म्हणाला.

मी तेव्हाही मान डोलावली.