नेलिदाच्या कागदावरची पोर

कुस्को शहराच्या वरच्या डोंगरातल्या शाळेत फोर्तुनाता एकोणीस वर्षं मुलांचं सूप रांधत होती. मदतीला आलेल्या एखाद्या मुलाच्या आईनं बटाट्याची साल जाड काढली, की ती सरळ सुनावायची, "पिकवायला सहा महिने लागले, बाई. फेकायला तुला वेळच लागला नाही!"

त्या वर्षी मार्चमध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा गावातल्या बासिलियाची पोर पहिलीत आली. हजेरीत नाव नेलिदा, वय सहा. तीन आठवडे वर्गावरचे गुरुजी "नेलिदा" पुकारत राहिले. पोरीनं एकदाही ओ दिली नाही. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मावशी, ही पोर मुकी दिसते. सहा वर्षांची, पण पेन्सिलही धरता येत नाही. शहरात अशा मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे. पत्र लिहून ठेवलंय."

"मुकी?" फोर्तुनाताची सुरी थांबली. "मग माझ्या चुलीपाशी टकळी कुणाची चालते? काल विचारत होती, बटाट्याला इतके डोळे, तो झोपताना सगळे मिटतो का!"

"मग नाव घेतल्यावर गप्प का?"

फोर्तुनातानं हात पुसले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"नेलिदा थडग्यात आहे, गुरुजी. ही तिच्या पाठची. घरी हिला सुल्का म्हणतात, धाकटी. दर नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, ही स्वतः नेलिदाला फुलं वाहते. मेलेल्या बहिणीच्या नावाला ओ कशी देईल? वय साडेचार. जन्माचा कागद तेवढा थोरलीचा, म्हणून पहिलीत आली."

"असं कुणी सुचवलं?"

"मीच. नोंदणी कचेरी सहा तासांच्या चालीवर. बासिलिया तेव्हा ओली बाळंतीण. म्हटलं, घरात थोरलीचा कागद आहे, पाय कशाला झिजवतेस?"

गुरुजी म्हणाले, "कचेरीत खरं सांगितलंत तर दंड होईल. कदाचित तुमची नोकरीही जाईल."

"जाऊ दे. पोर शहरात जायला नको."

फोर्तुनाता बासिलियाला घेऊन नोंदणी कचेरीत गेली, तर पहिल्या खेपेला कारकूनबाई रजेवर. दुसऱ्या खेपेला दोन साक्षीदार हवेत म्हणून परत. तिसऱ्या खेपेला बासिलिया पोरीला पाठीवर बांधून निघाली आणि एक साक्षीदार फोर्तुनाता, दुसरा साक्षीदार म्हणून गुरुजी रजा टाकून बरोबर चालले. चढावर त्यांना धाप लागली, तेव्हा फोर्तुनातानं त्यांची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

कारकूनबाई कडाडल्या. "मेलीचा कागद जितीला? जुना सदरा वाटला काय तुम्हाला?" तासभर झापलं. मग स्वतःच अर्ज लिहिला, दंड लावला नाही. नेलिदाचा मृत्यू नोंदला, मग धाकटीचा जन्म.

"नाव काय लिहू? धाकटी हे काय नाव झालं? पाठीवर आणखी एखादं झालं तर?"

बासिलियाला काही सुचेना. पाठीवरून आवाज आला, "मी सुल्काच."

"लिहिलं," कारकूनबाई म्हणाल्या.

पुढची दोन वर्षं सुल्का चुलीपाशी बडबडत वाढली. सहा पुरी करून पहिलीत बसली, तेव्हा पहिल्याच दिवशी गुरुजी दारात हजर. "मावशी, हिला गप्प बसायला कोण शिकवणार?"

"पगार तुम्ही घेता, तुम्हीच शिकवा!"

संध्याकाळी बासिलिया निवडक बटाट्यांचं गाठोडं घेऊन आली. फोर्तुनाताचे हात धरून रडू लागली.

"माझे आभार नकोत," फोर्तुनाता म्हणाली. "चूक माझी, ती मी चालून फेडली. गाठोडं गुरुजींना दे. पत्र लिहून झालं होतं, तरी ते पाठवण्याआधी माणूस दारात येऊन बोलला."