शून्य दाखवणारा मीटर

बाईंचा स्वभाव खडूस, पण लबाड मुळीच नव्हता. वायरमनच्या शाळेत वरचा वर्ग शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. माझ्या हाताखालून गेलेल्या एकालाही कधी शॉक बसला नाही, हे त्या ऊठसूट ऐकवायच्या. त्यामुळे पहिला वर्ग न करताच थेट आपल्या वर्गात येऊन बसलेल्या वहिनींना पाहून त्यांचं डोकंच फिरलं.

वहिनी चाळिशीच्या. बाकीची मुलं वयानं लहान, म्हणून सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. नवरा कारखान्यात वायरमन होता. शिडीवरून पडला, पाठ गेली आणि अंथरुणाला खिळला. कारखान्यानं त्याची जागा वहिनींसाठी राखून ठेवली होती, पण अट अशी की याच खेपेला वरची परीक्षा पास व्हायची. नाहीतर जागा दुसऱ्याला. पहिला वर्ग करायला वेळ होता कुठे? प्राचार्य साहेब त्यांची कहाणी ऐकून विरघळले आणि त्यांनी प्रवेश देऊन टाकला.

"पाया न घालता माडी चढवताय, साहेब," बाई म्हणाल्या.

"अहो, नवऱ्याच्या हाताखाली कामं केलीयत त्यांनी. घ्या जरा सांभाळून."

"वीज घेते का हो कुणाला सांभाळून?"

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. बाईंना ते हसणं फार झोंबलं. बरं, परीक्षेत कळेलच, असं मनाशी म्हणत त्या वर्गात गेल्या.

वहिनींचा हात चपळ होता, जोडणी तर बघत राहावी अशी. पण पहिल्या वर्गात जे अंगवळणी पडतं त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. तारेत वीज आहे का हे ज्यानं बघायचं, तो हातातला मीटर आधी चालू सॉकेटला लावून बघायचा, मीटर धड आहे ना याची खात्री करायची. बाकीची मुलं हे न सांगता करायची. वहिनी मात्र मीटर उचलायच्या तो थेट तारेलाच लावायच्या. बाईंनी हे पहिल्याच दिवशी पाहिलं. इतर कुणी असतं तर वर्ग डोक्यावर घेतला असता. या वेळी त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

परीक्षेत बाईंची एक जुनी खोड होती. एका टेबलावर त्या बिघडलेला मीटर ठेवायच्या. वायर आतून तुटलेली, वरून झकास. असा मीटर चालू तारेवरही शून्यच दाखवतो. त्या टेबलाच्या पॅनेलची, म्हणजे तारा जोडायच्या फळ्याची, वीज बाईंनी आधीच मागून बंद करून कुलूप लावलेलं असायचं आणि किल्ली त्यांच्याच पर्समध्ये, म्हणून जिवाला धोका नसायचा; पण मुलांना हे ठाऊक नसायचं. ते टेबल कुणाच्या वाट्याला जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं.

या खेपेला बाईंनी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत.

वहिनी त्याच टेबलाच्या पॅनेलसमोर उभ्या राहिल्या. साहेबही मुद्दाम बघायला येऊन दारात थांबले होते. वहिनींनी स्विच बंद केला, मीटर उचलला. शेजारीच चालू सॉकेट होता, हात लांबवला तर पोचेल इतका जवळ. बघ गं, एकदा तिकडे बघ, असं बाईंच्या मनात आलं, आणि त्याच मनात, नकोच बघू, असंही आलं. स्वतःचीच त्यांना शिसारी आली.

मीटरनं शून्य दाखवलं. वहिनींनी तो खाली ठेवला आणि उघडी तार बोटांत धरली.

"मेलात!" बाई ओरडल्या. "तार चालू असती तर आत्ता इथे पडला असता तुम्ही!"

वहिनींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. बाईंनी तो मीटर चालू सॉकेटला लावून दाखवला. तिथेही शून्य.

"नापास," बाई साहेबांकडे बघत म्हणाल्या.

वहिनी रडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मी रोज असंच करत होते, बाई. तुम्ही समोरच असायचा. दिसत नव्हतं का तुम्हाला?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत? मला दोन शब्द सांगायला किती वेळ लागला असता? आज परीक्षा माझी घेतलीत की साहेबांची?"

साहेबांनी मान खाली घातली. निकाल बदलता येत नव्हता. अशा हातांना कारखान्यात पाठवणं म्हणजे खून, हे खरंच होतं. पण ते हात असे राहिले कुणामुळे, हेही तितकंच खरं होतं. "चूक माझी आहे," बाई कशाबशा म्हणाल्या. "कारखान्यात मी स्वतः येऊन सांगते, जागा थांबवा म्हणून."

"सांगा. ते थांबणार नाहीत." वहिनींनी पदरानं कपाळ पुसलं, पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"घरातली वायर मीच दुरुस्त करते, बाई. पोरगी शेजारी बसून बघत असते आणि माझंच बघून करते." त्यांनी शेजारच्या टेबलावरचा चांगला मीटर बाईंच्या पुढ्यात ठेवला. "दाखवा आता, आधी काय करायचं ते."

बाईंनी मीटर हातात घेतला. सॉकेटपाशी नेताना हात इतका थरथरत होता की मीटरच्या वायरचं टोक आत जाईना. शेवटी वहिनींनीच त्यांचं मनगट धरलं आणि टोक आत सरकवलं.