कडीसाहेबांची सरळ नजर

“ज्याच्या मनात काही नाही, त्याची नजर हलत नाही.”

हे वाक्य कडीसाहेब दिवसातून किती वेळा म्हणत, ते त्यांच्या बायकोलाच विचारावं. भाजीत मीठ जास्त पडलं की ते दाराकडे बघत बघत हेच म्हणत. हो, दाराकडे. बायको समोर उभी असे आणि साहेब दाराला उपदेश करत. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. आम्ही दोघं एका वर्गात होतो, म्हणून सांगतो. तेव्हाही गप्पा मारताना त्यांचे डोळे दाराशी असत. गुरुजी येतात का, हेडमास्तर येतात का. आपल्याहून मोठा माणूस दिसला, की समोरचा त्यांच्यापुरता पुसला जाई, ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसा. त्यांच्या लग्नाचा फोटो अजून त्यांच्या बैठकीत टांगलेला आहे. नवरी सरळ बघते आहे, सगळे पाहुणे सरळ बघताहेत, आणि नवरदेव मान वळवून उजवीकडे बघतोय. उजवीकडे तेव्हाचे मोठे साहेब बसले होते. “माझं लग्न झालं त्या दिवशी हे ऑफिसातच होते,” असं वहिनी आल्यागेल्याला सांगतात, आणि साहेब तेही ऐकत नाहीत, कारण दार वाजलेलं असतं.

हा माणूस पुढे परीक्षेचा पहारेकरी झाला. अशा माणसाला दुसरं काय होता आलं असतं, मला तरी सुचत नाही.

कॉलेजात ते परीक्षा विभागात होते. रबरी तळव्याची चप्पल घालून ते बाकांमधून असे फिरत, की मांजरानं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. पायमोज्यातून, बाहीतून, पट्ट्याच्या आतून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या, आणि त्या चिठ्ठ्या एका काचेच्या बरणीत भरून कपाटावर ठेवल्या. लोकांच्या कपाटावर मुलांनी जिंकलेली ढाल असते. यांच्या कपाटावर दुसऱ्यांच्या मुलांची भीती, झाकण लावून.

मग परीक्षा संगणकावर आल्या आणि साहेबांचं नशीब उघडलं. कॉलेजनं परीक्षेसाठी एक सुरक्षित ब्राउझर घेतला. तो एकदा सुरू झाला, की संगणकावरच्या बाकी सगळ्या खिडक्या बंद. दुसरं पान उघडत नाही, काही उतरवून घेता येत नाही, पेपर दिल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. वर कॅमेरा तोंडावर रोखलेला. नजर हलली, की तो तिथे लाल खूण करून ठेवतो. दाराला आतून कडी घालावी तसं हे काम, म्हणून मुलांनी त्यांचं नाव कडीसाहेब ठेवलं. साहेबांना ते नाव आवडलं. चिडवताहेत हे कळायला समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

ब्राउझरला मी नावं ठेवत नाही. चोरी करणारे होते, ते थांबले, चांगलं झालं. पण लाल खूण म्हणजे गुन्हा नव्हे. खूण झाली, तेवढं रेकॉर्डिंग माणसानं बसून बघायचं आणि मग ठरवायचं, असा कॉलेजचा रीतसर नियम होता. ते बघण्यासाठीच साहेबांना वेगळी खोली, दोन पडदे आणि फिरती खुर्ची दिली होती. खुर्चीत ते फिरत. रेकॉर्डिंग त्यांनी कधी उघडलं नाही. लाल खुणांचा ढीग दिसला की पेपर रद्द.

त्या ढिगात माझी भावजय सापडली.

तिला घरात सगळे धाकटी म्हणतात. इस्पितळात ती आया होती. रुग्णांची अंथरुणं बदलायची, भांडी धुवायची, आणि उरलेल्या वेळात नर्सचा अभ्यास करायचा, असं तिनं चालवलं होतं. सगळे विषय सुटले, एकच राहिला. औषधांच्या मापाचा. हा शेवटचा प्रयत्न होता, पुढे बसू देणार नव्हते. मुख्य नर्सनं तिला सांगून ठेवलं होतं, पास झालीस तर गणवेश तुझा, नाहीतर बादली आहेच.

पेपर घरून द्यायचा होता. नेट माझ्या खोलीतच नीट येतं, म्हणून ती माझ्या टेबलाशी बसली आणि मी बाहेर पायरीवर. खोलीत दुसरं माणूस चालत नाही, कच्च्या कामाला कागद चालत नाही, असे साहेबांचे हुकूम होते. पेपर संपवून ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. “दादा, सगळं आलं,” म्हणाली.

आठवड्यानं कॉलेजचं पत्र आलं. संशयास्पद हालचाली, पेपर रद्द.

आम्ही दोघं कॉलेजात गेलो. साहेब खुर्चीत होते. कपाटावर बरणी होती. माझ्याकडे न बघता त्यांनी मला ओळखलं.

“ये रे बाबा. काय काम काढलंस?”

“काम हिचं आहे,” मी म्हणालो.

“साहेब, मी बोटांवर हिशेब करत होते,” धाकटी म्हणाली. “कागद नव्हता ना, म्हणून पेरं मोजत होते.”

“टेबलाखाली?” साहेबांनी खिडकीला विचारलं.

“हात मांडीवर होते. आणखी कुठे ठेवणार?”

“बाई, ज्याच्या मनात काही नाही, त्याची नजर हलत नाही.”

“मनात आकडे होते, साहेब. मन रिकामं ठेवून माप कसं काढायचं?”

बाहेरच्या टेबलावरचा हेडक्लार्क खोकला. तो जाडजूड, आनंदी माणूस. त्याचं खोकणं म्हणजे हसणंच असतं, हे मला नंतर कळलं.

“अरे, निदान रेकॉर्डिंग तरी बघ,” मी म्हणालो. “तिचं आयुष्य अडकलंय त्यात.”

“प्रत्येकाचं आयुष्य बघत बसलो तर परीक्षा कधी घेऊ?”

एवढ्यात दारात प्राचार्या मॅडम आल्या. नुकत्याच बदलून आलेल्या, कमी बोलणाऱ्या. साहेब असे उठले, की खुर्ची एकटीच अर्धा फेरा फिरली. आम्ही दोघं लगेच पुसले गेलो. मॅडमनी मात्र आमच्याकडे बघूनच विचारलं, काय झालं. धाकटीनं सांगितलं. मॅडम साहेबांकडे वळल्या.

“रेकॉर्डिंग पाहिलंत?”

“गरजच पडत नाही, मॅडम. प्रामाणिक माणसाला यंत्र कधी त्रास देत नाही. मी स्वतः बसून दाखवतो ना.”

कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. कुणाच्या मनातही नव्हतं. पण वरिष्ठांसमोर मिरवायची संधी आली, की माणसाचं शहाणपण आधी बाहेर जाऊन उभं राहतं.

क्लार्कनं सरावाचा सोपा पेपर लावून दिला. साहेब केस सारखे करून बसले. बाकीच्या खिडक्या मिटल्या, कॅमेऱ्याचा दिवा लागला, पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचं तोंड दिसू लागलं, त्याभोवती हिरवी चौकट. मॅडमनी दाराजवळची खुर्ची ओढली आणि त्या साहेबांच्या उजव्या हाताला बसल्या.

झालं. तेवढंच पुरे होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन साहेबांनी मॅडमकडे बघितलं. चौकट लाल झाली. दुसरा प्रश्न वाचता वाचता बघितलं. पुन्हा लाल. शिपायानं मॅडमना चहा आणला, तो नीट दिला की नाही, हे बघायला साहेबांची मान पार वळली.

“‘कृपया पडद्याकडे पाहा,’” क्लार्कनं मागून वाचलं.

“दिसतंय मला.”

“तुम्हाला दिसतंय हो साहेब, पण त्याला दिसत नाहीय.”

साहेबांनी दात आवळून पडद्याकडे बघितलं. एखाद्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा समोर बघायला लावलं, तर त्याला किती कष्ट पडतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. कपाळावर घाम आला. मानेची शीर उडू लागली. आणि मॅडमनी कप बशीत ठेवला, त्या किणकिण आवाजासरशी बिचारे डोळे आपल्या आपण धावले, मालकानं हाक मारल्यासारखे.

पडदा करडा झाला. क्लार्कनं आता आवाज लावून वाचलं, “‘परीक्षा थांबवली आहे. पर्यवेक्षकांच्या परवानगीची वाट पाहा.’”

पर्यवेक्षक म्हणजे साहेबच. परवानगी द्यायचं यंत्र पलीकडच्या टेबलावर, आणि त्याचा पासवर्ड फक्त साहेबांना ठाऊक. त्यांनी तो कुणालाच सांगितला नव्हता, कारण सगळं जग चोर. ते उठायला लागले.

“साहेब, उठू नका,” क्लार्क घाईनं म्हणाला. “जागेवरून उठलं की पेपर रद्द. नियम तुमचाच आहे.”

आणि साहेब बसले. खरंच बसले. स्वतःच्या परवानगीची वाट बघत, हात गुडघ्यांवर ठेवून. पासवर्ड मोठ्यानं सांगावा तर गुपित फुटतं, उठावं तर लबाड ठरतात. धाकटीनं पदर तोंडाला लावला. मॅडमनी घाई केली नाही. चहा संपवला आणि म्हणाल्या,

“उठा आता. झाला तुमचा पेपर रद्द.”

मग त्या पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसल्या, धाकटीला शेजारी बसवलं, साहेबांकडून पासवर्ड घालून घेतला आणि रेकॉर्डिंग उघडलं. पडद्यावर माझी खोली आली, माझं टेबल, आणि धाकटीचं तोंड. प्रश्न वाचून तिची नजर खाली गेली. ओठ हलले. उजवा खांदा बारीक थरथरला, अंगठा पेरांवरून चालत असणार. नजर वर आली, उत्तर लिहिलं. पुढचा प्रश्न, पुन्हा तसंच. प्रत्येक लाल खूण अशीच. मी मॅडमकडे बघितलं. त्यांचा हात टेबलावर होता आणि त्यांचाही अंगठा आपोआप पेरांवरून चालला होता. त्याही मनात तेच गणित करत होत्या.

सगळ्या खुणा बघून झाल्यावर त्यांनी त्या एकेक करून काढल्या. शेवटची निघाली तसा अडवलेला निकाल आपोआप खुला झाला. उत्तीर्ण. दोन्ही हात मांडीवर घेऊन, जसे पेपरात होते तसे, धाकटी बसून राहिली.

“मॅडम, यंत्रात काहीतरी बिघाड असणार,” साहेब म्हणाले. “माझी नजर तशी नाही.”

“साहेब, मॅडम इकडे आहेत,” क्लार्क म्हणाला.

कारण साहेब मॅडम मघाशी बसल्या होत्या त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होते.

मॅडम एवढंच म्हणाल्या, की उद्यापासून प्रत्येक रेकॉर्डिंग साहेबांनी पूर्ण बघायचं आणि मगच काय ते लिहायचं. दुसरा माणूस असता तर शरमेनं का होईना, धाकटीकडे वळून एक शब्द बोलला असता. हे गृहस्थ म्हणाले, “ब्राउझरच्या कंपनीला कळवायला हवं. पर्यवेक्षकांना यातून वगळलं पाहिजे.” मग डोकं दुखतंय म्हणून पिशवी घेऊन घरी निघाले.

आम्हीही निघालो. बाहेरच्या पायऱ्यांवर आलो तेव्हा साहेब मैदानातून फाटकाकडे चालले होते. उन्हात त्यांची सावली पुढे पडली होती, पण ते पुढे बघत नव्हते. चार पावलं टाकत आणि ऑफिसच्या खिडक्यांकडे वळून बघत, कुणी मोठं उभं आहे का म्हणून. खिडक्यांत कुणी नव्हतं. मॅडम कामाला लागल्या होत्या, क्लार्क आपल्या टेबलाशी गेला होता. मीसुद्धा चप्पल शोधत होतो. धाकटी तेवढी पायरीवर थांबून त्यांच्याकडे बघत होती.

“चल गं. काय बघत बसलीस?”

“थांबा दादा. फाटकापर्यंत किती वेळा मागे वळतात, ते मोजतेय.”

तिचा अंगठा पेरांवरून चालला होता. एक बोट संपलं, दुसरं सुरू झालं. साहेब पुन्हा वळले, कुणी नाही असं बघून पुन्हा चालू लागले, आणि फाटकाबाहेर गेले.