चुलत्यांची हाक

सीना नदीला पूर आला तेव्हा मी सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर कोरडा होतो. भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र नुसता रडत होता. पुण्या-मुंबईचे नातेवाईक रडके चेहरे आणि जोडलेले हात टाकत होते. एकानं तर सूर्यास्ताच्या फोटोवर "निसर्गापुढे आपण शून्य" लिहून पाठवलं. माझं डोकंच फिरलं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं ते एवढंच विचारत होते, "गुरांना कडबा हाय का कुणाकडं?"

मग गावाकडच्या चुलत्यांचा व्हॉइस मेसेज आला. त्यांची मेंढरं पुरात पांगली होती. "कुटं दिसली तर ह्यो आवाज मोठ्यानं लावा. माज्या हाकंला येत्यात ती," एवढं सांगून ते रानात रोज मारतात तशी लांबलचक हाक मारू लागले. शेवटची हाक अर्ध्यातच तुटली आणि मेसेज तिथंच संपला.

त्याखाली कुणी रडका चेहरा टाकला नाही. पलीकडच्या काठावरून कुणीतरी लिहिलं, "लावलाय."

आमच्या गल्लीत मेंढरू कुठलं असणार! तरी मी गॅलरीत गेलो आणि फोनचा आवाज पूर्ण वाढवून ती हाक लावली.