वारसाचं नाव

झेंडूचा वास आला की दसऱ्याच्या दिवशीचं परळचं ते स्कूटरचं दुकान आठवतं. विम्यात चालकाचं अपघात कव्हर घ्यायचं का, असं विचारून एजंट म्हणाला, "घेतलंत तर वारसाचं नाव सांगा." नव्या स्कूटरला हार घालणारी आई थबकली. "आजच्या दिवशी असला काय लिवतस? नको म्हणून सांग." मी नको म्हटलं. लालबागपर्यंत ती मागे बसून होती. बसचा हॉर्न वाजला की तिची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. चाळीपाशी उतरल्यावर हळूच म्हणाली, "उद्या जाऊन ता घेऊन ये. पण माझा नाव नको घालू." काल मुलीने तिच्या स्कूटरच्या फॉर्मवर वारस म्हणून माझं नाव लिहिलं. त्यापुढचं मला वाचवेना.